तारांची वाट पाहत बसलेला ‘स’

दुसरीतल्या मुलाला साठपासून सत्तरपर्यंत मोठ्यानं मोजायला सांगावं. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मधला एखादा आकडा गळला तरी हरकत नाही, आपल्याला त्यातला ‘स’ ऐकायचा आहे. या ओळीत तो इतक्या वेळा येतो, आणि ‘ष्ट’ला खेटून अशा अडचणीच्या जागी येतो, की ज्याची जीभ पुढच्या दातांच्या फटीतून डोकावते ते पोर सहासष्टपर्यंत निभावून नेऊ शकत नाही. मराठी उच्चार तपासायला याहून स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

शाळेत हे कुणाला ऐकू येत नाही असं नाही. हजेरीला ‘यस मॅडम’च्या जागी ‘येथ मॅडम’ आलं की बाईंना कळतं, मागच्या बाकावरच्या पोरांना तर बाईंच्या आधी कळतं. घोडं पेंड खातं ते पुढं. घरचे म्हणतात, दुधाचे दात पडलेत, बोळकं झालंय, नवे आले की हुईल की सरळ. नवे दात येतात ते पुढे झुकलेले, नाहीतर मध्ये फट ठेवून. दातांचे डॉक्टर म्हणतात, कायमचे सगळे येऊ देत, बाराव्या-तेराव्या वर्षी तारा बसवू. स्पीच थेरपिस्टकडे गेलं तर तिथंही कधीकधी उत्तर मिळतं, आधी दात नीट करून आणा. तारा निघेपर्यंत पंधरावं वर्ष लागतं. तोवर चुकीच्या ‘स’ला आठ वर्षांचा रोजचा सराव झालेला असतो.

ही रांगच चुकीची लागली आहे, असं माझं मत आहे. दातांमुळे बिघडलेला वाटणारा उच्चार बहुतेक मुलांत दात हलवण्याआधीच हाती घेता येतो. ज्या थोड्या मुलांना खरंच थांबायला हवं, ती दोन मिनिटांच्या तपासणीत ओळखता येतात. ती दोन मिनिटं दुसरीच्या वर्षी, शाळेच्या आरोग्य तपासणीतच मिळायला हवीत. तारा ही पैशाची गोष्ट आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा ऊसतोडीवर चालणाऱ्या घरात त्या बहुधा कधीच बसणार नाहीत. उच्चार तारांना टांगून ठेवला, तर त्या घरातल्या मुलाच्या ‘स’वर आपण पाणीच सोडलं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. बोबडा म्हणजे ज्याचे काही वर्ण चुकीचे निघतात तो. तोतरा म्हणजे जो अडखळतो, शब्दाची सुरुवात पुन्हापुन्हा करतो तो. दोन्हींचे उपचार वेगळे, कारणं वेगळी. आपल्याकडे दोघांनाही ‘जीभ जड आहे’ म्हणतात आणि दोघांनाही वेखंड उगाळून चाटवतात. वेखंडानं ‘स’ची जागा बदलत नाही. तोंडात गोटी धरून बोलायला लावणं मात्र ताबडतोब बंद करावं, ती घशात अडकून जीव जाऊ शकतो.

‘स’ म्हणताना जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना आतून टेकतात आणि मधोमध बारीक पन्हळ तयार होते. कौलांवरून पाणी यावं तशी हवा त्या पन्हळीतून येते आणि पुढच्या दातांच्या धारेवर आपटून सुसकारते. जिभेचं टोक दोन ठिकाणी असू शकतं. काहींचं वरच्या हिरडीकडे उचललेलं असतं, काहींचं खालच्या दातांमागे टेकलेलं. ऐकणाऱ्याला दोन्ही ‘स’ सारखेच लागतात. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे याच दुसऱ्या वाटेनं बरीच मुलं सुटतात.

आता दात. दाढा घट्ट मिटल्या तरी पुढचे वरचे-खालचे दात भिडत नाहीत, मध्ये खिडकी राहते, तो उघडा चावा. चौथ्या वर्षानंतरही चालू राहिलेलं अंगठा चोखणं, नाक चोंदल्यामुळे तोंडानं श्वास घेणं आणि जीभ सतत पुढे ठेवायची सवय, ही त्याची नेहमीची कारणं. इथं जिभेला फट मोकळी सापडते आणि ‘स’ मराठी ‘थ’च्या जवळ जाऊन बसतो. वरचे दात फार पुढे असतील तर मूल ‘स’साठी खालचा जबडा पुढे सरकवतं, आणि प, ब, म हे वर्ण दोन ओठांऐवजी खालचा ओठ वरच्या दातांना लावून काढतं. खालचा जबडाच पुढे असेल तर ‘व’ उलटा होतो, खालच्या दातांवर वरचा ओठ येतो. टाळू अरुंद आणि दाढा आडव्या चावत असतील तर जिभेच्या कडांना टेकायला नीट जागा मिळत नाही, हवा बाजूनं गळते. दात नुसते वेडेवाकडे, एकावर एक चढलेले असतील तर ते फोटोत खटकतात, पण बोलण्याशी त्यांचा संबंध क्वचितच असतो. उलटा ‘व’ किंवा दातानं काढलेला ‘प’ही दिसायला विचित्र आणि ऐकायला बहुधा ठीक असतो. जे फक्त दिसतं आणि ऐकू येत नाही, त्यावर थेरपीचे महिने घालवू नयेत.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं १८९९ साली वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून चाव्याचे तीन वर्ग पाडले. दवाखान्यात आजही तीच भाषा चालते, आणि ‘क्लास टू’ लिहिलेला कागद हातात आला की पालकांना वाटतं, बोलण्याचं कारण सापडलं. तो वर्ग दाढांचा आहे. जिभेबद्दल तो काहीही सांगत नाही. मोठी खिडकी असलेली कितीतरी मुलं स्वच्छ ‘स’ म्हणतात, कारण जिभेनं आपली वाट शोधलेली असते. मोत्यासारखे दात असलेली मुलं बोबडी सापडतात. दात किती वाकडे यावरून उच्चार किती बिघडेल याचं गणित मांडता येत नाही. मग दात सरळ झाले की बोलणं आपोआप सरळ होईल, हे तरी कशाच्या जोरावर म्हणायचं? तारा दात हलवतात. जिभेची आठ वर्षांची सवय हलवणं हे तारांचं काम नाही. उलट पुढे रेलून बसणारी जीभ तशीच राहिली तर तारा निघाल्यावर खिडकी पुन्हा उघडण्याचा धोका असतो. गिळताना जीभ दातांना क्षणभर लागते, विश्रांतीत ती तासन्‌तास टेकून असते, म्हणून लक्ष या बसण्याच्या जागेकडे द्यावं लागतं. तारांच्या डॉक्टरांनाही थेरपिस्टची गरज आहे ती इथं.

थांबायचं कुणी? वरचे मधले कायमचे दात साधारण सात ते आठ वर्षांत येतात, त्यांच्या शेजारचे आठ ते नऊ. या काळात ‘स’ फुसफुसणं स्वाभाविक आहे. घरच्यांना एकच प्रश्न विचारावा: दात पडायच्या आधी कसं म्हणायचा? आधी स्वच्छ म्हणत असेल तर पडलेला दात कौलावर टाकून निवांत राहावं. आधीपासूनच जीभ बाहेर येत असेल तर दात पडण्याचा त्यात काही दोष नाही, आणि नवे दात येण्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. टाळू दुभंगलेल्या मुलांचा मामला वेगळा आहे. ‘प’ किंवा ‘स’ म्हणताना नाकाखाली धरलेल्या छोट्या आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून गळते आहे, आणि अशा मुलाला दातांच्या नावाखाली शाळेच्या पातळीवर हाताळू नये. जबड्याची ठेवणच फार वेगळी असलेल्या, मोठेपणी शस्त्रक्रिया लागू शकेल अशा मुलांत थेरपीची अपेक्षा मर्यादित ठेवावी लागते.

ज्यांनी अजिबात थांबू नये ती मुलं म्हणजे बाजूनं हवा सोडणारी. त्यांचा ‘स’ चिखलात पाय घातल्यासारखा ओला ऐकू येतो. जीभ दातांत घालून म्हटलेला ‘स’ लहान मुलांत नेहमीचा असतो आणि बऱ्याच जणांचा आपोआप जातो. हा ओला ‘स’ बोलायला शिकण्याच्या वाटेवरचा टप्पाच नाही, वय वाढलं म्हणून तो जात नाही. ओळखायला एक स्ट्रॉ पुरते. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ २०२२ पासून बंद आहेत, कागदाची चालते, फक्त प्रत्येक मुलाला नवी घ्यावी. मुलाला दाढा हलक्या मिटून, ओठ उघडे ठेवून, तीन सेकंद लांब ‘स’ म्हणायला लावायचं. स्ट्रॉचं टोक वरच्या दोन मधल्या दातांच्या समोर धरायचं. हवा मधून येत असेल तर नळीत आवाज एकदम मोठा होतो. मग तेच टोक हळूहळू सुळ्याकडे, तिथून दाढेकडे सरकवायचं. मध्ये नळी मुकी आणि उजव्या सुळ्याशी येताच खणखणली, तर गळती उजवीकडून आहे. मुलालाही ते ऐकू येतं, आणि आपल्या तोंडात काय चाललंय हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळतं.

थेरपी सुरू करण्याआधी कान तपासून घ्यावेत. ‘स’चा सुसकारा फार उंच पट्टीतला असतो, त्या पट्टीत कमी ऐकणाऱ्या मुलाला आपला ‘स’ चुकतोय हेच कळत नाही. अंगठा चालू असेल तर तो आधी सुटायला हवा. कायमचे पुढचे दात पुरते यायच्या आत सुटला तर खिडकी पुष्कळदा आपोआप मिटत जाते. तोंड सतत उघडं, रात्री घोरणं असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. जिभेखालचा दोरा कापून आणण्याची घाई करू नये. मूल त, न, ल नीट म्हणत असेल आणि तोंड उघडं ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांमागे नेऊ शकत असेल, तर ‘स’ त्या दोऱ्यात अडकलेला नाही.

खरं काम बसवण्याचं, आणि त्यात मराठीनं आपल्याला एक सोय करून दिली आहे. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत. चिमणीतला वेगळा, चाकातला वेगळा. चाक, चोर, पाच यांतला ‘च’ म्हणजे ‘त’ला चिकटलेला ‘स’च. ज्या मुलाचा हा ‘च’ शाबूत आहे त्याला ‘पाच’ म्हणायला लावून शेवट ताणायला सांगावा: पाच्‌ऽऽस. शेपटीत जो आवाज उरतो तोच आपल्याला हवा आहे. ‘च’ही बिघडलेला असेल तर ‘त’पासून निघावं. त-त-त-त भराभर, आणि शेवटच्या ‘त’वर हवा सोडून द्यायची. या टप्प्यावर मुलासमोर ‘स’ हे अक्षर उच्चारू नये, लिहूनही दाखवू नये. ‘स म्हण’ म्हटलं की जुनी सवय आधी धावून येते. टायरची हवा गेल्यासारखा आवाज काढ म्हणावं. आपण ‘स’ शिकतोय हे मुलाला चार दिवसांनी कळलं तरी बिघडत नाही.

उघडा चावा असलेल्या मुलाला जिभेचं टोक वर उचलायला शिकवणं म्हणजे त्याला पुन्हा फटीकडे पाठवणं. त्याला दुसरी वाट द्यावी. टोक खालच्या दातांच्या मागे लपव, आरशात दिसता कामा नये, आणि दाढा मिट. खिडकी आहे तिथंच राहते, ‘स’ मात्र ऐकू येण्याइतका स्वच्छ निघू शकतो. बाजूनं गळणाऱ्या मुलाला ‘ई’पासून आणावं. ‘ई’ म्हणताना जिभेच्या कडा आपसूक दाढांना टेकतात. तोच ‘ई’ कुजबुजत म्हणायचा, म्हणता म्हणता दात मिटत आणायचे, की हवा मधल्या पन्हळीतून यायला लागते. त्यानंतरचे शब्द शोधायला पुस्तक उघडायला नको. वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस: नऊ शब्द, प्रत्येकाच्या शेवटी ‘ईस’, तेही ओळीनं पाठ असलेले. ज्या भाषेत विशी इतकी मदतीची आणि साठी इतकी अवघड आहे, त्या भाषेत शिकवायला एक दशक आणि परीक्षेला दुसरं तयारच मिळतं.

विशी पक्की झाली की ऊस, रस, बस असे इतर शेवटचे ‘स’, मग सात, साबण, सायकल असे सुरुवातीचे, मग मिसळ आणि तांबडा रस्सा. जोडाक्षरं, म्हणजे स्टेशन, पुस्तक, एकसष्ट, सगळ्यात शेवटी. दहातले आठ-नऊ बरोबर आले की पुढची पायरी. पाचाच्या खाली घसरले की मागच्या पायरीवर यायचं, तिथंच रेटायचं नाही. अर्ध्या तासात मुलाच्या तोंडून निदान शंभर वेळा तो आवाज यायला हवा. चित्रं रंगवण्यात वीस मिनिटं आणि दहा ‘स’, असं सत्र झालं तर फी वाया गेली असं खुशाल समजावं. घरी दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. रविवारी एकदाच पाऊण तास बसवून काही साधत नाही.

फुगे, शिट्ट्या, मेणबत्त्या विझवणं, बासरी याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फुंकताना ओठ गोल होतात आणि हवा ओठांतून सुटते. ‘स’ला लागतात दाढांना टेकलेल्या कडा आणि मधली पन्हळ. फुंकण्याच्या व्यायामानं फुंकणं सुधारतं. मूल खूश असतं, पालक खूश असतात, ‘स’ तिथंच असतो.

बिघडतं कुठं, तर घरी. ज्या पालकाच्या कानाला चूक आणि बरोबर यातला फरक कळत नाही तो चुकीच्याच ‘स’ची उजळणी करून घेतो. म्हणून पहिली दोन सत्रं बोलण्याची नसून ऐकण्याची असावीत: थेरपिस्टनं ‘ऊस’ कधी नीट, कधी बिघडवून म्हणायचं आणि मुलानं, शेजारी बसलेल्या आईनंही, बरोबर असेल तेव्हा अंगठा वर करायचा. दुसरी गडबड म्हणजे दिवसभर ‘नीट म्हण, नीट म्हण’. त्यानं मूल ‘स’ सुधारत नाही, ‘स’ असलेले शब्द टाळायला शिकतं. त्यापेक्षा जेवणाची पहिली पाच मिनिटं ठरवावीत, तेवढ्यापुरता ‘स’ मोजायचा, नंतर सोडून द्यायचं. काही मुलं नवा ‘स’ हाती आल्यावर ‘थाळी’लाही ‘साळी’ म्हणू लागतात. घाबरू नये, पंधरवड्यात जातं. अंगठा सोडवायला टाळूशी जाळी बसवली किंवा टाळू रुंदावणारी प्लेट दिली तर पहिले काही दिवस बोलणं आणखी बिघडतं. त्या दिवसांत कसलीही तपासणी करू नये, रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घ्यावं. काढता येणारी प्लेट बोलताना काढून खिशात ठेवणं तर नकोच, जीभ तिच्यासकट बोलायला शिकली पाहिजे.

कोल्हापुरात काम करणाऱ्यानं आणखी एक पथ्य पाळायला हवं. ‘साळा’, ‘सिकवनं’, ‘पानी’ हा उच्चारदोष नाही. ‘श’च्या जागी ‘स’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ हे इथल्या बोलीचे नियम आहेत, घरातली चार माणसं तसंच बोलतात. पुस्तकी मराठीवर बेतलेली चाचणी घेऊन बसलं की अर्धा वर्ग बोबडा ठरेल. कसोटी सोपी आहे. ‘साळा’ म्हणणारं मूल ‘ऊस’ आणि ‘सासू’ स्वच्छ म्हणत असेल तर त्याची जीभ निरोगी आहे, त्याला घरी जाऊ द्यावं. ‘थाळा’ म्हणणाऱ्याला बोलवावं. गडहिंग्लज आणि शिरोळकडे घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. प्रमाण कन्नडात आपला चाकातला ‘च’ नाही, त्यामुळे अशा मुलानं ‘चाक’ चिमणीच्या ‘च’नं म्हटलं तर ती भाषेची खूण आहे. अशा मुलाला थेरपीच्या यादीत घालणं हे उपचाराच्या नावाखाली केलेलं हसणंच झालं.

आता व्यवस्था. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा हे पथक यायचं असतं. तपासायच्या तीसेक दोषांच्या यादीत दातांची कीड आहे, भाषाविकासातला उशीर आहे, ऐकण्यातला दोष आहे. पण खिडकी म्हणजे कीड नव्हे, आणि भरभर बोलणाऱ्या आठ वर्षांच्या बोबड्या मुलाला ‘उशीर’ म्हणता येत नाही. दोन्ही रकान्यांच्या मधून ते मूल अलगद खाली पडतं. गंमत अशी की याच कार्यक्रमात जिल्हा पातळीवर जे शीघ्र हस्तक्षेप केंद्र योजलं आहे, त्याच्या आकृतिबंधात दंतचिकित्सक आणि श्रवण-वाचातज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, ही दोन्ही पदं आहेत. एकाच छपराखाली दोघं बसावेत अशी योजना आहे, त्यांच्यापर्यंत या मुलाला नेणारा कागद मात्र नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातली वाचादोषाची व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या इजेमुळे आलेल्या कायमच्या दोषांसाठी आहे. ‘स’ बिघडलेल्या मुलाला तिथं जागा नाही हे योग्यच आहे, त्याला दाखला नको आहे, त्याला चार-सहा महिन्यांची थेरपी हवी आहे.

म्हणून मागणी लहान ठेवावी. दुसरीच्या तपासणीत चार गोष्टी: साठ ते सत्तर मोजणं, दाढा मिटवून ओठ उघडून पुढची फट पाहणं, स्ट्रॉ, आणि दात पडण्याआधीच्या बोलण्याचा तो एक प्रश्न. निकाल तीनच: सोडून द्या, थेरपिस्टकडे पाठवा, थेरपिस्ट आणि दंतचिकित्सक दोघांकडे एकाच दिवशी पाठवा. ‘एकाच दिवशी’ याला महत्त्व आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर आहे, तिथल्या माणसाला बेळगाव जवळ पडतं. आज दात, पुढच्या आठवड्यात बोलणं, असं केलं तर दोन दिवसांचा रोज बुडतो आणि तिसऱ्या खेपेला कुणी येत नाही. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेले दिवस दोघांनी बसावं, तर आजरा, चंदगड, भुदरगडची मुलं तिथं येऊ शकतील. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल चालेल, कारण जीभ दिसते. साध्या फोनवर ‘स’ ऐकून मत देऊ नये. जुन्या पद्धतीचा फोन साधारण ३४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज कापतो आणि ‘स’चा बराचसा जीव त्याच्या वरच असतो, चांगला आणि वाईट ‘स’ तिथं सारखेच ऐकू येतात.

विरोधात एक मुद्दा वजनदार आहे. थेरपिस्ट आधीच थोडे, त्यांच्यापुढे ऐकूच न येणारी, न बोलणारी मुलं रांगेत आहेत, त्यात ‘स’वाल्यांची भर कशाला? क्रम त्यांचाच पहिला, यात वाद नाही. पण आज ‘स’ची जी मुलं पोहोचतात ती ज्यांना पैसे आणि वेळ आहे ती, आणि त्यांतली काही अशी, की ज्यांना नुसतं थांबायला सांगायला हवं होतं. शाळेतली तपासणी रांग वाढवण्याइतकीच ती गाळतेही. शिवाय एकाच पायरीवरच्या तीन-चार मुलांना एकत्र बसवून हे काम होतं, चुकीचा ‘स’ दुसऱ्याच्या तोंडून ओळखणं मुलांना स्वतःच्यापेक्षा सोपं जातं. खासगीत जाणाऱ्यांनी थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारून घ्यावी. चार वर्षांची पदवी घेतलेली माणसं हा प्रश्न विचारला म्हणून रागावत नाहीत.

शिक्षकांवर थेरपी लादू नये. त्यांच्याकडून एवढंच हवं, की स्नेहसंमेलनात नक्कल होणार नाही आणि ‘स’ पक्का होईपर्यंत मुलाला वर्गापुढे साठी म्हणायला उभं केलं जाणार नाही.

आणि तपासणी जुलैत ठेवू नये. पंचगंगेला पाणी आलं की गगनबावडा, शाहूवाडीकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, पथक ठरल्या दिवशी पोहोचत नाही आणि दुसरी तारीख मिळत नाही. पाणी ओसरल्यावर, सप्टेंबरात घ्यावी. ऑक्टोबरात पहिली दोन-तीन सत्रं होतात, दिवाळीच्या सुट्टीत घरी रोज पाच-पाच मिनिटं विशी घोटून होते, आणि शाळा पुन्हा भरेल तेव्हा मूल मिसळ आणि रश्शापर्यंत आलेलं असतं. सहासष्टला अजून वेळ असतो.